पुलापलीकडची सायकल

माझ्या थोरल्या भावाला रांगेत उभं राहता येत नाही. खिडकीसमोर चार माणसं दिसली की तो आधी बाजूने वाकून आत कोण बसलंय ते बघतो. आतला माणूस ओळखीचा निघतो, नाहीतर त्याचा मेहुणा कधीतरी आमच्या वडिलांच्या हाताखाली बाबू राहिलेला असतो. बालाघाटसारख्या गावात तीन पिढ्या सरकारी नोकरीत काढलेल्या घराकडे दुसरं काही नसलं तरी एवढं असतंच. आजोबा जंगलखात्यात होते, वडील तहसीलमध्ये, भाऊ सिंचन विभागातून निवृत्त झाला आणि मी सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. ओळख काढायची ही घराण्याची विद्या माझ्यापर्यंत काही पोचली नाही. मी रांगेत उभी राहते, पावती मागते आणि लोकांच्या डोक्यात जाते.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला नर्मदेची परिक्रमा सायकलने करायची होती. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, दक्षिण काठाने समुद्रापर्यंत जायचं, मुखापाशी नावेने पलीकडे व्हायचं आणि उत्तर काठाने वर जाऊन उगमाला वळसा घालून परत यायचं. पूर्वी लोक हे पायीच करायचे, अजूनही करतात. आता सायकलवाल्यांनी आपला वेगळा रस्ता बसवला आहे. कुठे डांबरी धरायचा, कुठे कालव्याच्या काठाने जायचं, रात्री कुठल्या आश्रमात टेकायचं, हे आधी जाऊन आलेले पुढच्यांना फोनवर पाठवतात. नियम मात्र तोच, जुना. संकल्प घेतला की परिक्रमा पुरी होईपर्यंत मुखाशिवाय कुठेही नदी ओलांडायची नाही. पुलावरून नाही, नावेतून नाही, चुकूनसुद्धा नाही. ओलांडली की परिक्रमा मोडली.

मी भाविक नाही. देवळात गेले तर चपला कुठे ठेवल्या याचाच विचार करत असते. मला फक्त रस्ता हवा होता. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे आहे, कारण मी लग्न केलं नाही आणि लग्न न केलेल्या बाईला काही काम नसतं असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. आई मांडीचं हाड मोडून पडली होती, तेव्हापासून तिला रात्रीतून दोनतीनदा उठवून संडासला न्यावं लागतं. नाही उठवलं तर अंथरूण ओलं होतं, मग ती रडते, मग मी चादरी बदलते, आणि शाळा होती तोवर सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी उभ्या उभ्या झोपायचे. महिनाभर मला कोणी हाक मारू नये, एवढीच माझी इच्छा होती. ती सायकलवर बसूनच पुरी होणार होती, कारण सायकलवर आईला घेता येत नाही.

दिवाळीत सगळे जमले असताना मी हे सांगितलं. भाऊ चिवडा खात होता. चारचौघांत त्याच्या अंगात नेहमी मोठेपण संचारतं, तसं तेव्हाही संचारलं.

"एक महिना काय, दोन महिने आईले ठेवतो मी," तो म्हणाला. "मी पोरगा नाही का तिचा?"

मामांनी मान डोलावली. वहिनी आत निघून गेली. त्या वेळीच मला कळायला हवं होतं, पण मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने फाटे फोडायला सुरुवात केली. या वयात सायकल? गुडघे? रस्त्यात ट्रक असतात, दारुडे असतात, लामट्याच्या जंगलात अस्वल असतं. मी म्हटलं, लामट्याच्या जंगलातून मी बसने जाणार आहे, अस्वलाला तिकीट काढून चढावं लागेल. तो हसला नाही. मी रोज पहाटे वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येत होते. आधी एक फेरी, मग दोन. शाळेची दप्तरं शिवणाऱ्या दर्ज्याकडून ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकतील अशा. दर्जीही म्हणाला, "दीदी, इस उमर में?" मी त्याला म्हटलं, तू टाके नीट घाल.

गोंदियाच्या पाच बायकांचं एक पथक निघणार होतं, त्यांनी मला सहावी म्हणून घेतलं. त्यांच्या सायकली एका छोट्या टेम्पोतून येणार होत्या, पण त्या गाडीत सहाव्या सायकलीला जागा नव्हती. पथकाची प्रमुख एक निवृत्त मेट्रन होती, गळ्यात शिट्टी घालणारी. तिने फोनवर स्वच्छ सांगितलं, "तुम्ही महाराजपूरला स्वतःच पोचा. सकाळी संकल्प, मग लगेच निघायचं. कोणासाठी थांबणं नाही."

महाराजपूर म्हणजे मंडल्याच्या समोरचा काठ. बालाघाटहून नैनपूरमार्गे गेलं की आधी महाराजपूर लागतं, मग नर्मदेचा पूल, मग मंडला. आम्हाला दक्षिण काठानेच निघायचं होतं, म्हणजे मी पूल ओलांडायचं काही कारणच नव्हतं. बसमध्ये बसायचं, पुलाच्या अलीकडे उतरायचं. प्रश्न एवढाच होता की सायकल बसवर कशी चढवायची.

आमच्याकडच्या बसच्या टपावरून काय जात नाही? मोहाची पोती जातात, कोंबड्यांचे खुराडे जातात, दाराच्या चौकटी जातात. एकदा मी नवरीचं आरशाचं कपाट टपावर उभं जाताना पाहिलं आहे, सगळ्या रस्त्याला तोंड दाखवत. पण सायकल म्हटली की कंडक्टरच्या कपाळाला आठ्या पडतात. मी दोन दिवस स्टँडवर हिंडले.

"मॅडम, सायकल चलाने की चीज है, बिठाने की नहीं," एक म्हणाला.

"सायकल से ही जाना है तो घर से ही चलाके जाओ ना," दुसरा म्हणाला, आणि आजूबाजूचे रिकामटेकडे मनापासून हसले. तिसऱ्याने गिअर बघितले, ब्रेक दाबून बघितले, घंटी वाजवली आणि मग नाही म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी संध्याकाळच्या एका खाजगी गाडीचा कंडक्टर कबूल झाला. सामानाचं वेगळं तिकीट काढीन म्हटल्यावर त्याने माझ्याकडे आधी दयेने पाहिलं, मग हो म्हणाला. "कल चार बजे आ जाना, ऊपर बांध देंगे."

आईला मी चार दिवस आधीच भावाकडे पोचवलं होतं, सवय व्हावी म्हणून. तिला नाही, त्याला. त्या चार दिवसांत त्याचे फोन सुरू होते. आई जेवत नाही. आईला तुझ्या हातचाच भात लागतो. आई तुझं नाव घेते. मी म्हणायचे, घेऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी सायकल चालवत स्टँडवर गेले. मागून भाऊ माझ्या पिशव्या घेऊन स्कूटरवर. मी नको म्हटलं होतं, पण बहिणीला निरोप द्यायला जाणारा भाऊ रस्त्यात दहा जणांना दिसतो, ते त्याला सोडवेना. आम्ही पोचलो तर कालचा कंडक्टर माझ्याकडे बघेचना.

"आज नहीं होगा. ऊपर टेंटवाले का सामान है."

टपावर चार बांबू आणि एक गुंडाळलेली कनात होती. मी म्हटलं, एवढ्या जागेत सायकलच काय, म्हैस बसेल. त्याने कानाला फोन लावला. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले, त्याने पाठ फिरवली. गाडी सुरू झाली होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, आतले लोक खिडकीतून मला शिव्या घालायच्या बेतात होते.

"थांब, मी बोलतो," भाऊ म्हणाला. त्याने कंडक्टरच्या खांद्यावर हात टाकून त्याला पानठेल्यामागे नेलं. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. तसा चेहरा तो वडिलांच्या दहाव्यालाही करू शकला नव्हता.

"नाई ऐकत तो. पण एक सांगू का? सकाळच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर आपल्या ओळखीचा हाय. सायकल मी त्याच्या टपावर टाकून देतो. तू बैस यात, रातच्याले आराम कर. सकाळी तुह्या दारात सायकल."

'टाकून देतो' हे आमच्या भागात फेकून देणं नव्हे, ती व्यवस्था आहे. डबा, औषध, मार्कशीट, लग्नाच्या पत्रिका, काहीही ओळखीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं आणि पुढच्या गावाला फोन करायचा. तिथे कोणीतरी स्टँडवर उभं असतं, ते उतरवून घेतं. कागद नाही, पावती नाही. आईची नवी कवळी गोंदियाहून अशीच आली होती, ड्रायव्हरच्या खिशातून. अर्धा जिल्हा या भरवशावर चालतो आणि मला या भरवशाचा आयुष्यभर राग आहे. पण गाडी हलायला लागली होती.

"महाराजपूरले उतरवायची," मी म्हटलं. "पुलाच्या अलीकडे. पलीकडे नाही. मी सकाळी संकल्प घेतला तं मले नदी ओलांडता येणार नाही. समजलं नं?"

"हौ नं बापा. मलेच शिकवतं का तू? हर अमावस्येले जातो मी नर्मदेवर."

तेही खरं होतं. आमच्या घरात भाविक तोच. मी त्याच्या हातात सायकलची किल्ली दिली आणि पिशव्या घेऊन चढले. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने नैनपूरपर्यंत मला तीन प्रश्न विचारले: मुलं किती, मालक काय करतात, आणि एकट्याच कशा. तिसऱ्या प्रश्नाला मी डोळे मिटून घेतले.

महाराजपूरच्या धर्मशाळेत रात्र गेली. त्या रात्री मला कोणी उठवलं नाही, तरी मी तीनदा जागी झाले आणि तिन्ही वेळा पाय खाली टाकून उभी राहिले. शरीराला सवय लागते. त्याचाही मला राग आला.

सकाळी घाटावर गोंदियाच्या बायका आल्या. सगळ्यांचे सारखे केशरी टी-शर्ट, त्यावर 'नर्मदे हर'. माझ्यासाठीही एक आणला होता, तो काखेत काचत होता. भावाचा फोन आला, "सायकल टाकली, गाडी निघाली." मी मेट्रनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सायकल येईपर्यंत संकल्प उरकून घेऊ. पंडाजींना पुढे दुसरी मंडळी आहे." सरळ हिशेब होता, मला त्यात काही खोट दिसली नाही. आम्ही पाण्यात उतरलो. पाणी बर्फासारखं होतं. पंडाजींनी हातावर पाणी दिलं, मंत्र म्हटले, मी हाताची ओंजळ रिकामी केली. प्रत्येकीला नर्मदेच्या पाण्याने भरलेली एक लहान बाटली मिळाली, ती शेवटपर्यंत जवळ ठेवायची. गुळाचा शिरा झाला. सगळ्या एकमेकींच्या पाया पडल्या. माझ्याही कोणी पडलं, मी मागे सरकले.

मग मी पुलाच्या अलीकडे रस्त्यावर जाऊन थांबले. बाकीच्या बायका सायकलींना हवा भरत होत्या. मेट्रनबाई घड्याळाकडे बघत होत्या. पहिल्या दिवशीचा मुक्काम लांब होता आणि आश्रमवाल्यांनी अंधार पडल्यावर फाटक बंद होईल असं बजावलं होतं.

गाडी आली. लांबूनच टपावर माझी सायकल दिसली, आडवी, दोन पोत्यांच्या मध्ये दोरीने करकचून बांधलेली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवले. गाडीने हॉर्न दिला, जरा कडेला वळसा घेतला आणि मला टाळून पुढे गेली. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर माझा भाऊ बसला होता. तो सरळ समोर बघत होता, फोटोला बसतात तसा. गाडी पुलावर चढली आणि सायकल नदीच्या पलीकडे गेली.

आधी मला वाटलं, ड्रायव्हर थांबला नाही, भाऊ घाबरला असेल. माणूस आपल्या माणसाबद्दल किती वेळ चांगलं समजू शकतो याला मर्यादा असावी. पलीकडे पूल संपतो तिथे गाडी थांबलेली दिसली. सायकल खाली उतरली. गाडी निघून गेली. मग फोन वाजला.

"सायकल आली," भाऊ म्हणाला. "ये, घेऊन जाय."

"दादा, मी संकल्प घेतला."

"हो का? मग कसं करतं आता?"

त्याच्या आवाजात काळजी होती. अगदी तयार केलेली काळजी. माझ्या लक्षात यायला तेवढी पुरली. टेंटवाल्याचे चार बांबू, पानठेला, उतरलेला चेहरा, सगळं एका ओळीत उभं राहिलं. त्याचा हिशेब चोख होता, हे मी गणिताची बाई म्हणून मान्य करते. मी पूल ओलांडला तर परिक्रमा मोडली, पथक मला घेणार नाही, मी घरी. नाही ओलांडला तर सायकल नाही, तरी मी घरी. दोन्हीकडून उत्तर एकच.

"तू अलीकडे आण ती," मी म्हटलं.

"नाई बाई, मी नाई आणत. मले पाप लागंल. मनातून तुह्या जायले माहा होकार नाही, तं मी कसा मदत करू?"

जन्मभर त्याने कसले कसले नियम ओळखीने वाकवले, आणि आता तो पापाच्या गोष्टी करत होता. मी फोन बंद केला. पथकाच्या टेम्पोचा ड्रायव्हर बिचारा बघत होता, त्याला काही परिक्रमा करायची नव्हती. मी त्याला पाठवलं. तो पूल चालत गेला, चालत आला, हात हलवत.

"तुमचे भाऊ देत नाहीत. म्हणतात, घरचा मामला आहे, तू मध्ये पडू नको."

मग मी मेट्रनबाईंकडे गेले आणि विचारलं की मी पलीकडे जाऊन सायकल आणली तर काय.

"ताई, नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "तुम्ही गणित शिकवता नं? मग मी तुम्हाले काय सांगू? ओलांडली की मोडली. मग आमच्यासंगं नाही. आश्रमात नावं दिलीत ती परिक्रमावासी म्हणून दिलीत, मी खोटं नाही बोलणार." मग जरा खालच्या आवाजात, "दुसऱ्या वर्षी या. भावाले समजावा."

दुसऱ्या वर्षी. आई शहाऐंशीची, मी बासष्टची, भावाला समजवायचं काम साठ वर्षं चालू आहे. मला त्या बाईचाही राग आला, तिच्या शिट्टीचाही, त्या केशरी टी-शर्टचाही. पण ती खरं बोलत होती. तिने मला फसवलं नव्हतं. ती फक्त तेच करत होती जे मी वर्गात केलं असतं. उशिरा आलेल्या मुलीला मीही दाराबाहेरच उभं करायचे.

त्यांनी आणखी थोडी वाट बघितली, तेवढी माणुसकी होती. मग शिट्टी वाजली. पाच सायकली एकामागे एक निघाल्या. शेवटच्या बाईने वळून 'नर्मदे हर' म्हटलं.

मी तिथे उभी राहिले. पलीकडे भाऊ उभा होता. सायकल त्याने कठड्याला टेकवली होती आणि स्वतः तिच्या सीटवर हात ठेवून होता, मालकासारखा. मधे पूल, त्यावरून ट्रक, ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या जात होत्या. एवढे लोक नदी ओलांडत होते आणि कोणाचं काही मोडत नव्हतं. मला वाटलं होतं की मी भाविक नाही. पण माझ्या पायांना तो पूल चढवेना, हे मी कबूल करते. हातावर पाणी घेऊन मी शब्द दिला होता. देव असो नसो, मी दिलेला शब्द मी कधी परत घेतला नव्हता. आणि हे त्याला माहीत होतं. माझ्या देवभोळेपणावर नव्हे, माझ्या शिस्तीवर त्याने सापळा लावला होता. ते ध्यानात आलं तेव्हा डोक्यात अशी तिडीक गेली की डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते.

मी पिशव्या खांद्यावर टाकल्या आणि पुलावर चढले.

पाण्याकडे मी पाहिलं नाही. पूल संपेपर्यंत भावाकडेच बघत गेले. अर्ध्यावर आल्यावर त्याने सीटवरचा हात काढला. आणखी जवळ गेल्यावर तो एक पाऊल मागे झाला. मला वाटतं, मी घरी यायला निघाले असं त्याला आधी वाटलं असावं, मग माझं तोंड दिसलं असावं.

"ओलांडली तू," तो म्हणाला.

"हौ."

"अवं, संकल्प घेतला होता नं तू? असं करतात का? मले वाटलं..."

"काय वाटलं? मी तेथीच बसून रडीन?"

"काल त्या कंडक्टरलेही तूच सांगतलं?" मी विचारलं. तो नदीकडे बघायला लागला. त्याच्या उजव्या हातात माझी किल्ली होती. मी हात पुढे केला. त्याने किल्ली मुठीत आवळली.

"चल घरी," तो म्हणाला. "झालं नं आता. ते लोक गेले. कोणासंगं जातं तू?"

"कोणासंगं नाही. रस्ता सरकारी हाय."

"आता ते परिक्रमा नाही राह्यली."

"नाही राह्यली. सायकल हाय."

बाजूला एक शेंगदाणेवाला ठेला लावून बसला होता, तो आमच्याकडे बघत होता. माझा भाऊ चारचौघांत कधी आवाज चढवत नाही. त्या वेळी त्याचा आवाज चढला नाही, खाली गेला. त्याचे डोळे मी पहिल्यांदा नीट पाहिले. खाली काळं आलं होतं, पापण्या सुजल्या होत्या. दाढी वाढलेली होती. चार रात्रींत माणूस एवढा उतरतो हे मला माहीत होतं, मी रोज आरशात पाहिलं होतं.

"राती तीनदा उठावं लागते," तो म्हणाला. "तुही वहिनी उठत नाही. मी उठवतो तं आई मले ओळखत नाही, शिव्या देते. काल चादर बदलली तं माहाच हात चावला तिनं. मले नाही जमून राह्यलं, बाई. एक महिना नाही जमणार मले."

त्याच्या मनगटावर खरंच लाल वळ होता. त्याला वाटलं होतं की हे ऐकून मी विरघळेन. आयुष्यभर मी अशीच विरघळत आले होते, त्याला तरी दुसरं काय माहीत असणार. तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी चांगलं बोलेन म्हणून.

"मलेही जमत नव्हतं, दादा," मी म्हटलं.

हे वाक्य मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, शाळेत नाही, स्वतःलाही मोठ्याने नाही. सगळ्यांनी मला ते जमतं असं धरून चाललं होतं आणि मीही ते धरून चालू दिलं होतं.

मी त्याची मूठ उघडली आणि किल्ली काढून घेतली. त्याने अडवलं नाही. पिशव्या कॅरियरला लावायला वेळ लागला, कारण त्याला मदत करू द्यायची नव्हती. मग मी सायकल वळवली, रस्त्यावर घेतली आणि पुन्हा पुलावर चढले. मागून त्याने एकदा विचारलं, "तिले राती कितीकले उठवायचं?"

"झोपली की दोन तासांनी," मी न वळता सांगितलं, आणि पॅडल मारलं.